शेवटच्या भागाची चव

आतल्या खोलीचं दार तिनं उघडलं आणि तिला मळमळलं. घडलं ते एवढंच. रोज सकाळी दुकानात आली की ती आधी या खोलीत यायची आणि दिवा लावण्यापूर्वी डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायची. लोक दिवसाचा पहिला चहा पितात तसा. फडताळांच्या लाकडाचा गोडसर वास, त्याच्याखाली पानांचा, ओलसर मातीचा, आणि नवी खोकी आली असली तर तबेल्यासारखा उग्र, नाकात चुणचुणणारा. इतक्या वर्षांत तो वास घरच्या माणसासारखा झाला होता. आज तोच परक्यासारखा अंगावर धावून आला. फडताळाची कड धरून ती उभी राहिली, तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं, आणि अंधारातच तिला कळून चुकलं. पोटाआधी नाकाला कळलं होतं. मागच्या वेळीही असंच झालं होतं. पण तेव्हा हवा बदलली असेल म्हणून तिनं ते झटकून टाकलं होतं, लिंबाची गोळी तोंडात धरली होती आणि टेबलाशी जाऊन त्या दिवसाच्या सिगार एकामागून एक ओढल्या होत्या.

सिगार ओढणं हे तिचं कामच होतं. दुकान फक्त क्युबाच्या सिगार विकायचं. नवा माल आला की त्यातली एक तिनं ओढायची आणि गिऱ्हाइकाला उमजेल अशा शब्दांत तिची चव सांगायची. आई शेजारणींना सांगायची, "आयात-निर्यातीत आहे आमची." नवरा चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचा आणि थट्टा केल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही; तिच्या केसांत नाक खुपसून म्हणायचा, "लोक मुलीशी लग्न करतात, मी कपाटाशी केलंय." तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. शब्द शोधायचं हे काम तिच्या जिवाला लागलेलं होतं. धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवायचा, थोडा नाकातून सोडायचा आणि वाट बघायची. मग कुठून तरी अक्रोडाची साल यायची, भाजलेली कॉफी यायची, जुन्या दप्तराचं कातडं यायचं, कधी मिरी, कधी ओल्या दगडावर पडलेलं ऊन. सिगारचे तीन भाग धरतात. पहिल्या भागात सिगार ओळख करून देते, दुसऱ्यात मोकळी बोलते, आणि तिसऱ्यात, जेव्हा आधीच्या दोन भागांचा सगळा अर्क मागे सरकत सरकत त्या उरलेल्या बोटभर तुकड्यात साचलेला असतो, तेव्हा ती एक तर कडू होऊन भांडायला उठते किंवा आतापर्यंत लपवलेलं काहीतरी सांगून टाकते. तो तिसरा भाग पेटल्याशिवाय होतच नाही. न पेटवलेल्या सिगारमध्ये तो नसतोच; तो जळण्यातून तयार होतो. हे तिनं कितीतरी गिऱ्हाइकांना समजावलं होतं, हातवारे करून, हसत हसत.

तिनं दिवा लावला. खालच्या फडताळात तिच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं, दुभाष्याचं खोकं होतं, कुलूप लावलेल्या कप्प्यात. त्यात आता एकच सिगार उरली होती आणि ती आज ओढायची होती. आजच, कारण परवा तो इस्पितळात दाखल व्हायचा होता. गळ्यातलं दुखणं उलटलं होतं आणि या वेळी डॉक्टरांनी त्याच्या मुलीशी बोलताना त्याला बाहेर बसवलं होतं. "बाहेर बसवलं," त्यानं पाटीवर लिहून दाखवलं होतं, "म्हणजे निकाल लागला. कोर्टात जन्म गेलाय माझा."

कोर्टात तो दुभाषी होता. परक्या भाषेतल्या साक्षीदारांचं बोलणं न्यायाधीशांना सांगायचं आणि न्यायाधीशांचं साक्षीदारांना. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज जिथून निघतो तो अवयवच काढून टाकला. आता तो मानेच्या पुढच्या छिद्रातून श्वास घ्यायचा, त्यावर पातळ रुमाल बांधायचा. नाकातून हवाच जाईना, म्हणून वास गेला. वास गेला म्हणून चव गेली. जिभेला उरलं ते गोड, खारट, कडू, एवढंच. एकच सिगार उरलेलं ते खोकं विकून टाकायला म्हणून तो दुकानात आला होता. मालकांनी भाव सांगितला, तो बराच वेळ खोक्यावर हात ठेवून बसला, आणि मग लहान मुलांची ती जादूची पाटी, कागद वर उचलला की लिहिलेलं पुसून जातं ती, त्यानं तिच्यापुढे केली. "एक ओढून दाखवाल? आणि सांगाल? जसं आहे तसं." त्या दिवशी तिनं त्याच्यासमोर दुकानातली एक साधी सिगार ओढली, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत त्यानं तिच्या तोंडावरची नजर काढली नव्हती. नंतर दर पंधरवड्याला येऊ लागला. धुरापासून लांब, खिडकीशी, पंख्याच्या उलट्या अंगाला बसायचं या अटीवर मुलगी सोडायची. पहिल्याच महिन्यात त्यानं तिला वळण लावलं. ती म्हणाली होती, "मला इथे थोडी दालचिनीसारखी वाटतेय." त्यानं लिहिलं, "वाटतेय नको. थोडी नको. दुभाषी पदरचं घालत नाही आणि घाबरून गाळतही नाही. दालचिनी आहे की नाही?" तिनं पुन्हा झुरका घेतला आणि म्हणाली, "नाही. सालीसकट भाजलेलं बटाट्याचं टोक आहे." तो खांदे हलवून बिनआवाजाचा हसला होता. तेव्हापासून तो तिला न्यायमूर्ती म्हणायचा.

क्युबाच्या त्या बेटाबद्दल त्यालाच जास्त ठाऊक होतं. तिथे कधी गेला नसला तरी. पश्चिमेकडच्या दरीतली तांबडी माती, वरच्या वेष्टनाच्या पानासाठी शेतावर पांढरं कापड ताणून केलेली सावली. खालचं पान जळायला चांगलं, मधलं सुवासाला, आणि शेंड्याचं, उन्हात सगळ्यात जास्त होरपळलेलं, ते ताकदीला. म्हणून ते गाभ्यात घालतात. आणि कारखान्यात ओळीनं बसून सिगार वळणाऱ्यांना उंच खुर्चीवरून कुणीतरी दिवसभर मोठ्यानं वाचून दाखवतं, सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी, ही शंभर वर्षांहून जुनी रीत. "ज्या हातांनी ही वळली," तो लिहायचा, "ते हात त्या वेळी काहीतरी ऐकत होते." आवाज नसलेल्या माणसानं हे लिहिलेलं वाचताना तिला कसंसंच व्हायचं.

उरलेली ही सिगार त्याची एकट्याची नव्हती. त्यानं आणि त्याच्या थोरल्या भावानं नोकरीच्या सुरुवातीला मिळून ते खोकं घेतलं होतं. वर्षातून एकदा दोघं भावाच्या गच्चीत बसायचे आणि एकेक ओढायचे. "खोक्यात पंचवीस असतात," त्यानं सांगितलं होतं. "पंचवीस ही काही भावाभावांना जमणारी संख्या नव्हे." पहिल्या दोन भागांवर त्यांचं एकमत असायचं. भांडण शेवटच्या भागाचं. भाऊ एक शब्द म्हणायचा, हा दुसराच. दर वर्षी तेच. आधी चेष्टेत, मग चिडून. एका वर्षी भावाची बायको उठून आत गेली, म्हणाली, तुम्हा दोघांना भांडायचंच आहे तर मी कशाला थंडीत कुडकुडू. उरलेली पंचविसावी तिसऱ्या माणसानं ओढायची आणि निकाल द्यायचा, असं ठरलं होतं. भाऊ आधी गेला, मग याचा गळा. या आकाराची सिगार तो कारखाना आता वळतही नाही. दोघांचे शब्द त्यानं तिला कधी सांगितले नाहीत. आधी शब्द कानावर पडला की जिभेला तोच सापडतो. या धंद्यातला तो पहिला नियम.

तिनं खोकं उघडलं नाही. तिला वाटलं, एकच तर. धूर गिळायचा नसतोच. एवढ्याशा जिवाला त्याचं काय कळणार आहे. आणि असं वाटताक्षणी तिनं हात मागे घेतला, कारण मागच्या वेळी असं काहीच तिच्या मनात आलं नव्हतं, तेव्हा ती फक्त ओढत होती, आणि नंतर डॉक्टरीणबाईंना तिनं विचारलं होतं, "धुरामुळे झालं का?" त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "सांगता येत नाही." त्या तीन शब्दांवर ती अजून अडकून होती. हो म्हणाल्या असत्या तर तिनं स्वतःला धरून मारलं असतं, नाही म्हणाल्या असत्या तर रडून मोकळी झाली असती. जिचं सगळं पोट सांगता येण्यावर चाललेलं, तिच्या पदरात टाकलं काय, तर सांगता येत नाही. आणि त्याहून वाईट होतं ते लोकांना दिलेलं सांगणं परत घेणं. पहिल्या आठवड्यातच आनंदानं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आईला, नणंदेला, वरच्या मजल्यावरच्या काकूंना, मालकांना. मग एकेकाला गाठून ते उलटं सांगायचं. नणंदेनं विणायला घेतलेलं अर्धं टोपडं पिशवीत तळाशी सरकवलं, तिला दिसू नये म्हणून, आणि तिला ते दिसलंच. सगळं होऊन दोन महिने झाले आणि औषधाच्या दुकानातला माणूस सुट्टे पैसे देता देता हसून म्हणाला, "काय ताई, कितवा?" सांगितलेला शब्द कुठे कुठे शिल्लक राहतो याचा पत्ताच लागत नाही. तेव्हाच तिनं कानाला खडा लावला होता. पुन्हा दिवस गेले तर कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, पोट त्याच्या कोपराला लागेपर्यंत.

"अगं, दार उघडं टाकून काय उभी राहिलीस?" बाहेरून मालकांचा आवाज आला. "सगळा ओलावा पळतोय, सिगार सुकतील."

ती बाहेर आली. दार लावताना एक आंबट, तीव्र वास तिच्या कपाळात घुसला. "काका, इथे कुणी संत्रं सोललंय?"

"मी. मघाशी. पण वर, माळ्यावर, आणि सालं रस्त्यावरच्या डब्यात टाकून आलो." मालक चष्म्यावरून बघू लागले. "तुला इथे खाली आलं? नाक आहे की पोलिसांचं कुत्रं?"

तिला हसू आलं, आणि मग खिडकीकडे लक्ष गेलं. दुभाषी आज लवकर येऊन बसला होता. इस्त्रीचा सदरा, कोर्टात जायचा तेव्हाचा कोट, मानेला धुतलेला पांढरा रुमाल. कोट खांद्यांवरून सैल झाला होता. त्यानं पाटी वर धरली. "न्यायमूर्ती, आसनावर बसावं."

"बसते, सर." ती समोर बसली. टेबलावर कातर होती, लांब काड्यांची पेटी होती, राखेची थाळी होती. सगळं तिनंच काल पुसून ठेवलेलं. मालकांनी आत जाऊन खोकं आणलं आणि दोघांच्या मधे ठेवलं. ते म्हणाले, "मी आपला गल्ल्यावर बसतो. मला यातलं कडक आणि मऊ एवढंच कळतं. बायकोचंही तेवढंच कळतं." आणि गेले.

तिनं झाकण उघडलं. सिगार गडद होती, तेल सुटून पिकलेली, वेष्टनावरच्या शिरा म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारख्या. तिनं ती उचलली. नाकापर्यंत न्यायचीही गरज नव्हती. आज सगळंच तिच्याकडे चालून येत होतं: दुभाष्याच्या रुमालाचा साबण, काड्यांचं गंधक, खिडकीच्या फटीत सडलेला कापूस. तिनं सिगार परत ठेवली.

"सर, आज जमणार नाही. मला सर्दी झालीय. नाक पार बंद आहे."

या माणसासमोर जन्मभर लोक खोटं बोलत आले होते, आणि त्यानं ते खोटं एक अक्षर न बदलता दुसऱ्या भाषेत नेलं होतं. त्यानं सावकाश लिहिलं. "बंद नाकाला माळ्यावरचं संत्रं?"

तिची कानशिलं तापली. दुसरं कारण शोधायला हवं होतं. दातदुखी, उपास, डॉक्टरांनी दिलेली गोळी. शब्द तिला हवे तेवढे सापडले असते. पण त्यानं पाटी पुसली नव्हती, ती तशीच धरून ठेवली होती. परवा त्याला जायचं होतं, आणि गच्चीत बसून वर्षानुवर्षं चाललेल्या एका भांडणाचा निकाल समोर वीतभर अंतरावर पडला होता, आणि तिच्याखेरीज तो देणारं कुणी नव्हतं. ती म्हणाली, "मला दिवस गेलेत."

म्हणून झालं. दुकानात काही हललं नाही. मालक गल्ल्याशी पावत्या लावत होते, त्यांना ऐकू गेलं नव्हतं. आपलाच आवाज तिला कुणी दुसऱ्याच बाईचा वाटला. "कुणालाच माहीत नाही अजून," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मलाही आत्ताच कळलंय, त्या खोलीत. मागच्या वेळी मी ओढत होते, सर. आणि ते राहिलं नाही."

दुभाष्यानं कागद वर उचलला. संत्रं गेलं. त्याचा श्वास रुमालाखालून येत होता, रुमालाचं टोक उठत होतं, बसत होतं. तिला भीती वाटली की तो आता अभिनंदन लिहील. तसं लिहिलं असतं तर ती उठून गेली असती. त्यानं लिहिलं, "मग न पेटवता सांग. जेवढं कळेल तेवढं."

तिनं सिगार पुन्हा उचलली. ओठांना लावली नाही, नुसती नाकाशी धरली, आणि पोटातली मळमळ दाताखाली दाबून डोळे मिटले. इतकं आजवर तिला कधीच कळलं नव्हतं. नाक नव्हतं ते, उघडी जखम होती. वास येत नव्हता, लागत होता. "वर मध आहे," ती म्हणाली. "पातळ, पोळ्यातल्या मेणासकट. मग गवताची गंजी, आतून गरम झालेली. नव्या वहीची पानं. दुसऱ्या भागात हे सगळं मागे जातं आणि लाकूड येतं, कापलेलं नाही, वापरलेलं; जिन्याच्या कठड्याला हात लागून लागून येतो तो वास. कोकोची धूळ आहे. मीठ आहे, फार नाही, पण आहे." डोळे उघडले तेव्हा तो हळूहळू मान डोलावत होता, गच्चीतलं एकेक वर्ष मोजल्यासारखा. इथपर्यंत भावाभावांचं एकमत होतं.

मग त्यानं लिहिलं, "शेवटचा भाग?"

"तो जळल्याशिवाय होत नाही, सर. तुम्हाला माहितीय."

"माहीत आहे."

"मग मी काय सांगू? मला नाही कळत तो."

त्यानं पाटी मांडीवर घेतली. जे लिहिलं ते वाचायला तिला दोनदा नजर फिरवावी लागली. "मग खोटं सांग. पण नीट सांग."

ज्यानं तिचं 'वाटतेय' काढून घेतलं होतं, 'थोडी' काढून घेतलं होतं, त्यानंच हे मागावं. "दोन शब्द तरी सांगा," ती म्हणाली. "मला त्यातला एक निवडू द्या."

त्यानं लिहिले. एकाखाली एक. भाऊ: जळकी साखर. मी: लोखंड.

एवढ्यासाठी दोन जाणती माणसं वर्षानुवर्षं थंडीत भांडली होती. तिनं शब्दांकडे पाहिलं, मग त्याच्या सैल कोटाकडे. परवा जाणाऱ्या माणसाला जिंकून जाऊ द्यावं, एवढंच तिच्या मनात आलं; आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या कुणाच्याही मनात आलं असतं तसं. ती स्पष्ट, सावकाश म्हणाली, "लोखंड आहे. पावसात राहिलेल्या नळाचं. तुमचं बरोबर होतं."

तो हसला नाही. चेहऱ्यावरचं काहीतरी हलकेच उतरलं, दिवा पुसायला काढून नेल्यावर खोलीतला उजेड उतरतो तसं. त्यानं मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या फुटपाथवर एक माणूस सायकलीची साखळी बसवत होता. आणि तिला कळलं, उशिरा, पण पुरतं कळलं. त्याला हरायचं होतं. भाऊ बरोबर होता, असं कुणाच्या तरी तोंडून एकदा ऐकायचं होतं. भाऊ होता तोवर हा स्वतः ते त्याच्यासमोर कधीच म्हणाला नव्हता. आता बदलता आलं नसतं. साखर, साखर म्हणून ती दिवसभर ओरडली असती तरी मघाचं लोखंड तिथेच राहिलं असतं. "सर," ती म्हणाली, "मी..." आणि थांबली, कारण पुढे काय घालावं ते तिला ठाऊक नव्हतं.

त्यानं हात वर करून तिला गप्प केलं. पाटी पुसली. लिहायला लागला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडाचा कोपरा जुन्या खोडीनं वाकडा झाला होता. "खोटं अजिबात जमत नाही तुला. वाईट साक्षीदार. ही ठेव. बाळ मोठं झालं की पेटव आणि खरं काय ते ठरव."

"आणि तुम्हाला कुठे येऊन सांगू?"

"मोठ्यानं सांग. पुरे."

"सर, ते राहील की नाही हेच मला," ती म्हणाली आणि आवाज फुटला. "मी पुढच्या आठवड्याचासुद्धा विचार करत नाहीये. तुम्ही वर्षांचं काय सांगताय."

त्यानं पाटी काखेत घेतली. खोकं तिच्याकडे सरकवलं, त्याच्या टोकावर दोन बोटांनी टकटक केली, न्यायाधीश उठताना टेबलावर करतात तशी, आणि उठला. कोटाची बटणं लावायला त्याला वेळ लागला. दारात मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी विनोद केला, तो हसला, आणि काचेच्या दारापलीकडे मुलीच्या गाडीत बसला. तिनं हात हलवायचा की नाही हे ठरेपर्यंत गाडी वळली होती.

"काय, लागला का निकाल?" मालकांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तारीख पडलीय."

ती खोकं घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावलं, तोंडानं श्वास घेत राहिली. ठेवायला दिलेल्या प्रत्येक खोक्याला इथे एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची पद्धत होती. एका बाजूला कुणाचं, दुसऱ्या बाजूला कधी उघडायचं. लोक निवृत्ती लिहीत, मुलीची पदवी लिहीत, काही जण नुसतं वर्ष. तिनं कोरी चिठ्ठी घेतली. कुणाचं, या जागी तिनं दुभाष्याचं नाव लिहिलं, त्याच्याखाली त्याच्या भावाचं, आणि थोडं थांबून आपलं. मग चिठ्ठी उलटली. पोटातून पुन्हा मळमळ आली, तिनं फडताळाला पाठ टेकली आणि ती जाऊ दिली. लिहिलं की ते कुठे ना कुठे शिल्लक राहणार होतं, काहीही झालं तरी. उद्या कुणी ही चिठ्ठी उलटून तिला हसत विचारणार होतं. तिला टोपड्याची पिशवी आठवली, औषधवाल्याचं हसू आठवलं. पेन खाली ठेवावं असं मनात आलं, आणि ते मनात असतानाच हात चालू झाला. अंगावरचं सुटल्यावर, असं तिनं लिहिलं. मुलाला पाजणं सुटतं तेव्हा, म्हणजे जन्मानंतर, म्हणजे जगल्यानंतर. सगळंच त्या दोन शब्दांत येत होतं. पुठ्ठा दमट होता, शाई अक्षरांच्या कडांवरून पसरू लागली. ती बोटांत चिठ्ठी धरून, हळूहळू फुंकर घालत उभी राहिली. त्या खोलीत काहीच लवकर वाळत नाही.